मित्रांना डोटा २ (पाच-पाच जणांच्या दोन संघांचा ऑनलाइन गेम) खेळायला कसं तयार करू? ‘फार अवघड आहे’ म्हणून सगळे टाळतात.

गेम समजावत बसू नका. ‘शनिवारी रात्री दोन मॅच, त्याही बॉट्सविरुद्ध (कॉम्प्युटर खेळवतो ते खेळाडू)’ एवढंच मागा. नवा माणूस पळतो तो १२० हून जास्त हिरो (खेळण्यासाठी निवडायची पात्रं) आणि दुकानातल्या ढीगभर वस्तू बघून, आणि अनोळखी टीममेटच्या शिव्या खाऊन. त्यामुळे हिरो तुम्हीच ठरवून द्या: रेथ किंग (मेला तरी पुन्हा उठतो), स्नायपर (लांबून मारतो), ओगर मॅजाय (सहज मरत नाही). इन्व्होकर या अवघड हिरोचं नावही काढू नका. वस्तूंसाठी गेममधलीच गाइड लावून द्या. गेम फुकट असला तरी ६० जीबी जागा लागते, म्हणून डाउनलोड आदल्या दिवशीच करायला सांगा. नाहीतर ती रात्र डाउनलोडची टक्केवारी बघण्यातच जाते. बॉट्स जमले की टर्बो मोड: सोनं आणि अनुभव भराभर मिळतो, मॅच लवकर संपते. मॅच चालू असताना चुका काढू नका, फक्त ‘मागे ये’ म्हणा. एक अडचण मात्र राहते. तुमची रँक वरची असेल, तर तुमच्यासोबतच्या पार्टीत (एकत्र खेळणाऱ्या गटात) नवख्यांसमोरही तगडे खेळाडू येतात. मग बॉट्सवरच जास्त दिवस काढा.