मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला पस्तिशीनंतर एम.ए.ची इंग्रजी पुस्तकं समजून वाचता येतील का? सुरुवात कुठून करावी?

येतील. मी छत्तिसाव्या वर्षी सुरू केलं. बी.ए.पर्यंत मराठी माध्यम, मग चौदा वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर, आणि त्यानंतर दूरशिक्षणातून अर्थशास्त्रात एम.ए., सगळी पुस्तकं इंग्रजीत. तुम्ही लिहिलंय की रोज वीस शब्द पाठ करता, व्याकरणाचं पुस्तक दुसऱ्यांदा संपवलंत, तरी अर्ध्या पानानंतर डोकं चालेनासं होतं आणि आता स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा का. माझं पहिलं प्रकरण अठरा पानांचं होतं. त्याला अकरा दिवस लागले, आणि शेवटी विचाराल तर काही सांगता आलं नसतं.

घोडं शब्दांपाशी अडलेलं नव्हतं, वाक्यापाशी होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण नकळत वाक्य संपेपर्यंत थांबतो. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं आणि आपण मात्र पूर्णविरामाची वाट बघत बसतो. त्यात पाठ्यपुस्तकांची खोड अशी की साध्या क्रियेचं नाम करून टाकायचं. दुष्काळाच्या प्रकरणात या धाटणीचं वाक्य होतं: ‘द फेल्युअर ऑफ द मॉन्सून इन टू सक्सेसिव्ह इयर्स लेड टू अ शार्प डिक्लाइन इन द परचेसिंग पॉवर ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर्स.’ मला फेल्युअर म्हणजे नापास एवढंच माहीत. मॉन्सून नापास झाला! मी कोश उघडला, सगळे शब्द लिहून काढले, वाक्य तरी जुळेना.

आता काय करते ते सांगते. पेन्सिलीने आधी क्रियापदाखाली रेघ मारायची. इथे ते ‘लेड टू’. ते सापडलं की वाक्याचे दोन तुकडे पडतात, डावीकडे कारण, उजवीकडे परिणाम. मग नामांना परत क्रिया करायचं. फेल्युअर म्हणजे पाऊस पडला नाही, डिक्लाइन म्हणजे कमी झाली. ‘लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, म्हणून शेतमजुरांच्या हातात खर्चायला पैसा राहिला नाही.’ हे तर आमच्या काउंटरवर दरवर्षी ऐकायला मिळतं. रोज अशी पाचच वाक्यं उलगडा. महिन्याभरात पेन्सिल न लावताही क्रियापद दिसायला लागतं, निदान मला लागलं.

दुसरी ठेच मला लेखकाचं मत ओळखण्यात लागली. एका स्वाध्यायात मी माल्थस या जुन्या अर्थतज्ज्ञाचा लोकसंख्येचा सिद्धांत दीड पान भरून पुस्तकाचं मत म्हणून लिहिला. तपासणाऱ्यांनी लाल शाईत लिहिलं, ‘लेखक हे खोडून काढतोय.’ उघडून बघते तर पुढच्याच परिच्छेदाच्या तोंडाशी ‘हाउएव्हर’ बसलेला. तेव्हापासून हाउएव्हर, व्हेअरअ‍ॅज, नेव्हरदलेस यांना मी गोल करते. आधी दुसऱ्याचं म्हणणं सविस्तर मांडायचं आणि मग पलटी मारायची, ही या पुस्तकांची रीतच आहे. प्रत्येक परिच्छेदापुढे समासात एक ओळ मराठीत लिहा: कोण म्हणतंय, काय म्हणतंय. ओळ सुचली नाही तर तो परिच्छेद कळलेला नाही, इतकं सरळ.

शब्दांचं म्हणाल तर कोशाशिवाय नीट समजायला पानावरचे साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं पॉल नेशन यांच्यासारख्या शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांनी मांडलंय. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानात सहा अनोळखी. तुमच्या पानावर तीस निघत असतील तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा आणि त्याच विषयाचं एनसीईआरटीचं अकरावी-बारावीचं इंग्रजी पुस्तक घ्या. संकेतस्थळावर फुकट आहे. लाज वाटायचं कारण नाही, मी मुलाच्या दप्तराशेजारी बसून तेच वाचलं. त्याआधी विषय मराठीत वाचून घ्या, मराठी विश्वकोशात बहुतेक नोंदी मिळतात, आणि पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. ‘सीमांत उपयोगिता’ ओळखीची असली की मार्जिनल युटिलिटी फारशी छळत नाही.

रोजचे वीस शब्द मात्र कुठलेही घेऊ नका. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासक बाईंनी २००० साली ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कूळ) एक यादी केली, अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट नावाची. सिग्निफिकंट, अस्यूम, डिराइव्ह, फॅक्टर असे शब्द, जे अर्थशास्त्रातही येतात आणि कायद्यातही. विद्यापीठीय मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या शब्दांनी भरतो. यादी पाठ करायला बसू नका, कंटाळून सोडाल. पुस्तकात यातला शब्द भेटला की त्या वाक्यासकट वहीत उतरवा.

फोनवरच्या भाषांतराचं: आधी आपलं आपण उलगडायचं, मग ताडून बघायला वापरायचं. उलटं केलंत तर मराठी वाचण्याचाच सराव होतो, आणि तेही वाईट मराठी.

वेळ म्हणाल तर पहाटेचा पाऊण तास, रविवारी दीड. चौथं प्रकरण तीन दिवसांत झालं होतं.

आणि क्लास नकोच. तो बोलण्यासाठी असतो, तुमची अडचण वाचण्याची आहे. पैसे खर्चायचेच असतील तर पीडीएफची झेरॉक्स काढा, एका बाजूला भरपूर कोरी जागा सोडायला सांगून. मोबाइलवर वाचलेलं एकही प्रकरण मला परीक्षेत आठवलं नाही.