धावणाऱ्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न : मी रोज यवतेश्वर घाटात धावतो. थकवा येऊ नये म्हणून व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट घेतो. चालू ठेवू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बंद करा. धावताना स्नायूंत तयार होणारे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू) निव्वळ शत्रू नव्हेत. त्यांच्याच इशाऱ्यावर पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवतात. सी आणि ई हे रेणू निष्प्रभ करतात, म्हणून त्यांचा मोठा डोस तो इशाराच दाबतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या प्रयोगात हाच डोस ४ आठवडे घेणाऱ्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता (साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद) व्यायाम करूनही सुधारली नाही. शिवाय पुरुषांत जादा सीमुळे मूतखड्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर ईबद्दल डॉक्टरांना आजच सांगा. रोजची सीची गरज ८० मिलिग्रॅम. एक पेरू ती सहज भागवतो. थकवा टिकलाच तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.