पेत्राच्या पत्रातील ‘कोस्मोस’: जग की शोभा?

प्रश्न असा आहे की, बायबलच्या नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात (अध्याय ३, वचन ३) स्त्रियांच्या बाह्य शोभेविषयी जे वचन आहे, त्यात मूळ ग्रीक शब्द ‘कोस्मोस’ असून नव्या करारात इतरत्र त्याचा अर्थ ‘जग’ होतो. मग येथे ‘ऐहिक शृंगार’ असा अर्थ घेऊन दागिने निषिद्ध मानावेत काय? माझ्या मते हा अर्थ शब्दावर लादलेला आहे.

‘कोस्मोस’ म्हणजे मुळात नीट लावलेली मांडणी, व्यवस्था. होमरच्या ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या आरंभीच अत्रेउसच्या दोन्ही पुत्रांना, म्हणजे ग्रीक सेनानी अगामेम्नोन आणि मेनेलाओस यांना, सैन्याची रचना करणारे या अर्थी ‘कोस्मेतोर’ म्हटले आहे, आणि चौदाव्या सर्गात हेरा देवी आपला पती झेउस याला मोहवण्यासाठी नटते तेव्हा तिने अंगावर घातलेल्या सगळ्या साजशृंगाराला होमर ‘कोस्मोस’ म्हणतो. सृष्टीतील सुव्यवस्था पाहून विश्वालाच हे नाव देणे ही नंतरची गोष्ट असून परंपरा तिचे श्रेय ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरसला देते. म्हणजे ‘शोभा’ हा अर्थ ‘जग’ या अर्थाहून जुना आहे आणि तो ग्रीक बायबलला परकाही नाही, कारण जुन्या करारातील निर्गम ३३:६ च्या ग्रीक भाषांतरात इस्राएल लोक होरेब पर्वतापाशी जे दागिने उतरवतात त्यांनाही ‘कोस्मोस’च म्हटले आहे. मराठीत मला याच्या सर्वांत जवळचा वाटतो तो ‘साज’: घोड्याचा साज आणि गळ्यातला कोल्हापुरी साज, दोन्ही एकाच शब्दात मावतात.

आता वाक्यरचना पाहू. ग्रीकमध्ये ‘कोस्मोस’चे उपपद (इंग्रजी ‘the’सारखा शब्द) वचनाच्या आरंभाजवळ आणि ‘कोस्मोस’ अगदी शेवटी येतो. मध्ये केस गुंफणे, सोन्याचे अलंकार घालणे आणि वस्त्रे परिधान करणे या तीन क्रिया ओवल्या आहेत. तिसऱ्या क्रियेत वस्त्रांना ‘उंची’ किंवा ‘भारी’ असे कोणतेही विशेषण नाही. त्यामुळे वचन सरसकट बंदीचे मानले तर कपडे घालणेही वर्ज्य ठरेल, आणि तसे कोणीही म्हणणार नाही. तुमची शोभा या बाहेरच्या गोष्टींत नसावी, ती अंतःकरणात असावी, असे पुढच्या वचनासह वाचले की अर्थ सरळ लागतो.

हा विचार त्या काळी केवळ ख्रिस्ती लोकांचा होता असेही नाही. नवविवाहितांना उपदेश करताना ग्रीक लेखक प्लुटार्क हा तत्त्वज्ञ क्रातेसचा दाखला देऊन सांगतो की जे शोभवते तेच ‘कोस्मोस’. आणि स्त्रीला शोभा येते ती सोन्याने वा पाचूने नव्हे, तर गांभीर्य, शिस्त आणि विनय यांनी.

याच शब्दापासून झालेले ‘कोस्मेओ’ हे क्रियापद मत्तय २५:७ मध्ये दहा कुमारींच्या दाखल्यातील कुमारी आपले दिवे नीट करतात तेव्हा येते, आणि प्रकटीकरण २१:२ मध्ये शृंगारलेल्या वधूसाठीही येते. दोन्हीकडे सज्ज करणे, सजवणे हाच भाव आहे. ‘कोस्मिओस’ हे विशेषण तर नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोनदाच आढळते: २:९ मध्ये स्त्रियांच्या पेहरावासाठी आणि ३:२ मध्ये मंडळीच्या (चर्चच्या) अध्यक्षाच्या अंगी असाव्यात अशा गुणांच्या यादीत. या दुसऱ्या ठिकाणी दागदागिन्यांचा संबंधच नाही; नीटनेटका, मर्यादशील असाच अर्थ घ्यावा लागतो.