वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं : केस चालायच्या आधीच सुटता येतं का?

प्रश्न : वकीलसाहेब, माझे मिस्टर महसूलमध्ये अव्वल कारकून आहेत, त्यांच्यावर एसीबीने (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने) ट्रॅप म्हणजे सापळा लावला. पैसे ड्रॉवरमध्ये सापडले पण त्यांचे हात धुतल्यावर पाणी गुलाबी झालंच नाही. खात्याच्या चौकशीत ते सुटले, तो कागद आमच्याकडे आहे. आता चार्जशीट आलंय. भुजबळसाहेब महाराष्ट्र सदनच्या केसमधून सुटले तसं आमचं होईल का? आमचे वकील म्हणतात घाई नको, बघू निवांत. (एक भगिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, आधी त्या "निवांत"बद्दल. चार्जशीटच्या नकला हातात कधी पडल्या ती तारीख आजच शोधा. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम 239 मध्ये डिस्चार्जच्या, म्हणजे खटल्याआधीच दोषमुक्त होण्याच्या अर्जाला मुदत नव्हती, त्यामुळे बऱ्याच वकिलांना अजून तीच सवय आहे, पण 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झाली आणि तिच्या कलम 262 मध्ये नकला मिळाल्यापासून 60 दिवस असं स्पष्ट लिहिलंय. कोर्ट उशीर माफ करेल या भरवशावर बसू नका.

भुजबळांना मुंबईच्या विशेष कोर्टाने सप्टेंबर 2021 मध्ये दोषमुक्त केलं हे खरं, पण ती ठेक्याची केस, तुमची ट्रॅपची, दोन्हींची तुलना नको. आणि दोषमुक्त म्हणजे निर्दोष सुटले असंही नाही, पेपरवाले दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात. निर्दोष ठरतात ते साक्षीपुरावे होऊन. डिस्चार्ज म्हणजे कोर्टाने फिर्यादी पक्षाचेच कागद वाचले आणि म्हणालं, यात काही दमच नाही, खटला चालवण्यासारखं काही नाही.

"फिर्यादी पक्षाचेच कागद" हे नीट लक्षात घ्या, कारण लोकांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये देबेंद्रनाथ पाढी केसमध्ये सांगून टाकलंय की या टप्प्यावर आरोपीचे कागद बघायचे नाहीत. म्हणजे तुमचा चौकशीचा कागद कितीही भारी असला तरी तो चार्जशीटमध्ये नसेल तर खालचं कोर्ट बहुतेक हातही लावणार नाही. त्याच्यासाठी हायकोर्टात केस रद्द करायचा अर्ज हा वेगळा रस्ता आहे, पण तिथेही खात्यात सुटलो म्हणजे केस गेली असं आपोआप होत नाही. चौकशीत आरोपच खोटा ठरला की नुसतं "पुरावा अपुरा" म्हणून सोडलंय ते बघा, खरा फरक तिथे पडतो.

गुलाबी पाण्याचा मुद्दा (सापळ्यातल्या नोटांना पावडर लावलेली असते, ती हाताला लागली तर हात धुवायचं द्रावण गुलाबी होतं) चांगला आहे हो, पण तो उलटतपासणीतला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 मध्ये लाच मिळवायचा नुसता प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे. म्हणून आधी पडताळणी पंचनामा (सापळ्याआधी मागणी खरी आहे का ते तपासल्याचा) काढा, रेकॉर्डिंगचा लेखी उतारा ओळ न् ओळ वाचा, मिस्टरांच्या तोंडी पैशाची मागणी आहे का? कुठेच नसेल, पंचही तसं म्हणत नसेल, तर अर्ज जरूर करा. एक वाक्य जरी असलं तरी अवघड आहे. मागणी सिद्ध झाली नाही म्हणून सुटले असे जे निकाल लोक दाखवतात (2014 चा जयराज वगैरे) ते सगळे पूर्ण खटल्यानंतरचे आहेत, डिस्चार्जला तेच निकाल जोडून अर्ज हरलेले मी किती पाहिलेत!

दुसरं, सरकारी नोकरावर खटला चालवायला जी मंजुरी लागते, तिच्यावर सही कोणाची आहे? नोकरीवरून काढायचा अधिकार ज्याला, त्याचीच लागते. चुकीच्या अधिकाऱ्याची असेल तर 2015 चा नंजप्पा निकाल कामाला येतो, पण तेव्हाही सरकार नवीन मंजुरी आणून परत उभं राहू शकतं. "साहेबांनी न वाचता सही केली" हे मात्र खटल्यात बोलायचं, आत्ता नाही.

प्रश्न : मी रिटायर्ड उपअभियंता, अपसंपदेची (उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेची) केस आहे. मिसेसच्या शिवणकामाचं आणि गावच्या शेतीचं उत्पन्न धरलंच नाही. डिस्चार्ज मिळेल? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : अवघड आहे काका. अशाच एका केसमध्ये गुजरात हायकोर्टाने अधिकाऱ्याला सोडलं होतं, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, म्हणाले की उत्पन्नाचा हिशोब खटल्यात मांडा, आत्ता मिनी ट्रायल नको. तपास अधिकाऱ्यानेच जप्त केलेल्या कागदात ते उत्पन्न दिसत असेल आणि बेरजेत सोडलं असेल तर मुद्दा बनतो. नाहीतर मी तुमच्या जागी असतो तर अर्जच केला नसता, फेटाळला जाईल तो जाईल आणि आपला सगळा बचाव सरकारी वकिलाला आधीच कळेल. त्यापेक्षा शिवणकामाच्या वह्या ओरिजिनल जपा, अडत्याच्या पट्ट्या गोळा करा आणि बँकेकडून चेक पिरियडची (ज्या काळातली मालमत्ता तपासलीय त्या काळाची) सगळी स्टेटमेंट्स आत्ताच मागून घ्या, फार जुना रेकॉर्ड नंतर मिळत नाही.