मागणी अर्ज म्हणजे घरांची गरज नव्हे

आपल्या गावात घरं किती लागतात, कोणाला लागतात आणि केवढ्याची, हे शोधायचं कसं? याबद्दल आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत.

प्रश्न : नगरपरिषदेने पंतप्रधान आवास योजनेसाठी अर्ज मागवले, दोनेक हजार आले. हीच शहराची गरज, असं प्रशासन म्हणतं. मला पटत नाही, पण खोडून काढता येत नाही. (एक नगरसेविका)

शंका रास्त आहे. अर्ज करतं कोण? ज्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला आहे, कागदपत्रं आहेत आणि सेतू केंद्रात रांग लावायला मोकळा दिवस आहे, तो. बाजार समितीतला हमाल किंवा दहा वर्षं भाड्याने राहणारी धुणंभांडीवाली यादीत येतच नाही. उलट अडीच लाखांचं अनुदान आहे म्हटल्यावर चांगल्या घरात राहणारे भाऊ वेगवेगळे अर्ज टाकतात. आकडा एकाच वेळी फुगलेला आणि तोकडा असतो तो असा.

केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशाच्या शहरी भागातली घरटंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार एवढी काढली होती. त्यात बेघर कुटुंबं अवघी ५ लाख ३० हजार, आणि दाटीवाटीने राहणारी जवळपास दीड कोटी. म्हणजे गरजूंपैकी बहुतेकांच्या डोक्यावर छप्पर होतंच, फक्त ते पुरत नव्हतं. जोडप्याला स्वतंत्र खोली नसणं ही दाटीची मुख्य खूण. म्हणून तर जनगणनेच्या घरयादीत खोल्या किती याबरोबर विवाहित जोडपी किती हेही विचारतात.

आता जुन्या वाड्यातली दीड खोली डोळ्यांपुढे आणा. आईवडील, थोरला, त्याची बायको, दोन पोरं आणि धाकटा. धाकट्याचं लग्न जागेपायी अडलंय, म्हणून तो जोडप्यांच्या मोजणीतही येत नाही! अशांना गाठायचं तर दारात जायला हवं. मालमत्ता कराच्या नोंदवहीतून प्रत्येक प्रभागातलं दर विसावं घर उचला आणि मालकाऐवजी तिथे राहतो त्याच्याशी बोला. नोंदवहीत नसलेल्या वस्त्या मात्र वेगळ्या मोजाव्या लागतील. प्रश्न पाचच ठेवा : माणसं किती, खोल्या किती, जोडपी किती, भाडं किंवा हप्ता किती, महिन्याला घरात पैसे किती येतात. शेवटचा प्रश्न शेवटीच विचारा, नाहीतर पहिल्या चारांचीही उत्तरं मिळणार नाहीत.

प्रश्न : प्रकल्पासाठी २०११ च्या जनगणनेचे आकडे वापरले तर चालतील का? (विद्यार्थी, नियोजन पदविका)

पाया म्हणून चालतील, निष्कर्ष म्हणून नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर घरगुती वीजजोडण्या, शिधापत्रिका, शाळांचे पट यांवरून गाव कुठल्या अंगाने वाढतंय याचा अंदाज घ्या. पाहणी कधी करता तेही लिहून ठेवा. डिसेंबरात बीडच्या खेड्यात गेलात तर कितीतरी घरांना कुलूप दिसेल, आणि तीच माणसं ऊसतोडीसाठी कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडांजवळ कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत असतील. एकाच कुटुंबाची नोंद एकीकडे रिकामं घर म्हणून होते, दुसरीकडे बेघर म्हणून.

प्रश्न : मी १४ लाखांत वन बीएचके देतोय. तालुक्याच्या ठिकाणी याहून परवडणारं काय असणार? तरी फ्लॅट पडून आहेत. (एक बांधकाम व्यावसायिक)

कोणाला परवडणारं, ते आधी ठरवा. जीएसटीच्या लेखी तर ४५ लाखांपर्यंतचं घरही परवडणारं असतं. तालुक्याच्या गावात हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा.

तुमचं गिऱ्हाईक महिन्याला २२ हजार मिळवतं असं धरू. घरावर तीस टक्के खर्च म्हणजे ६,६०० रुपये. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज झेपतं साडेसात लाखांच्या आसपास. तुमच्या फ्लॅटला नव्वद टक्के कर्ज काढलं तर हप्ता जातो अकरा हजारांच्या घरात, निम्मा पगार. शिवाय स्वतःचे १ लाख ४० हजार, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. पगार रोखीने मिळत असेल तर बँक दारातही उभं करत नाही.

तुमच्या फ्लॅटची लोकांना गरज आहे, पण तेवढी ऐपत नाही, म्हणून मागणी नाही. शिल्लक फ्लॅटपैकी काही भाड्याने देऊन पाहा. लहान शहरांत खरी टंचाई भाड्याच्या धड घरांची आहे, आणि कुठल्याही आराखड्यात तिला दोन ओळींपलीकडे जागा नसते, हे माझं जुनं गाऱ्हाणं. स्पर्धकांचे भाव पाहायचे तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा गोषवारा, बघा, पण रोखीचा भाग तिथे दिसत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं!

प्रश्न : आमच्या गावात निम्मी घरं बंद, तरी नव्या शिक्षिकेला खोली मिळेना. मग टंचाई आहे की नाही? (रत्नागिरी जिल्हा)

आहे. २०११ मध्ये देशाच्या शहरी भागातच १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी होती आणि टंचाईही होतीच. कोकणात घर बंद असण्याची कारणं वेगळी. घराच्या उताऱ्यावर सात-आठ वारसांची नावं, त्यातले पाच मुंबईला, एकाची सही मिळत नाही. गणपतीला आणि मे महिन्यात घर मोकळं हवं. आणि सगळ्यांत मोठी धास्ती म्हणजे भाडेकरू बसला तर उठायचा नाही. ही धास्ती कायद्यापेक्षा मोठी आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर मुदत संपल्यावर घराचा ताबा मिळवण्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी वाट आहे. करार तोंडी ठेवला की मग कटकटी.

ग्रामपंचायतीने बंद घरांची यादी केलीच, तर तीन रकाने वाढवावेत : छप्पर धड आहे का, वारस किती, आणि अकरा महिन्यांसाठी द्यायची तयारी आहे का. तिन्हींत बसणारी घरंच उपलब्ध म्हणून धरा. शंभरातली दहा निघाली तरी शिक्षिका, आरोग्यसेविका आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची सोय होईल.