व्हिडिओ टाकण्याआधी

प्रिय दोस्त,

रेशन दुकानाचा तुझा व्हिडिओ दोनदा पाहिला. चांगला झालाय, पण एवढ्यात टाकू नकोस.

त्यातल्या आजी सांगतात, अंत्योदय कार्डावर, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या रेशनकार्डावर, 35 किलो धान्य मिळायला हवं, हातात पडतं त्याहून बरंच कमी; अंगठा मात्र पुऱ्या धान्याचा घेतात. पुढच्या महिन्यात त्यांना त्याच दुकानदारापुढे पिशवी धरायची आहे. चेहरा धूसर केलास तरी वस्तीत आवाज कोण ओळखत नाही? तेव्हा आधी त्यांच्या ओट्यावर बस, घरचे असताना दाखव आणि त्या ‘हे नको’ म्हणाल्या तर तेवढं काप. शूटिंगच्या वेळी घेतलेला होकार पुरत नाही. आपण काय बोलून गेलो, हे माणसाला स्वतःला पडद्यावर पाहिल्यावर कळतं.

आणि ती सारंगी काढ. आजी बोलत असताना सारंगी कशाला?

तुझे क्लोजअप सुरेख आहेत, पण दुकान कुठलं ते कळत नाही. दुकानाचा फलक, त्याचा क्रमांक, अंगठा घेणाऱ्या पॉस मशीनची पावती, आणि फलकापासून वजनकाट्यापर्यंत न कापलेला एक सलग शॉट हवा. जागा आणि अंतर यांवर केवढं अवलंबून असतं ते रमाबाई नगरच्या प्रकरणात दिसलं. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या त्या वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, असं समर्थन दिलं गेलं. मग टँकर होते कुठे आणि गोळ्या झाडल्या कुठे, हाच कळीचा प्रश्न झाला. आनंद पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट या घटनेपासून सुरू केला आणि 14 वर्षं त्यावर काम केलं. पुढे तो वस्त्या-चाळींत पडदे लावून दाखवला. ज्यांची गोष्ट, त्यांच्यासमोर.

एवढा धीर तुझ्याकडे नसेल, नसू दे. रेशनच्या प्रश्नाला 14 वर्षं थांबून चालणारही नाही. इथे गोव्यातून चालणाऱ्या व्हिडिओ व्हॉलंटिअर्स या संस्थेची रीत मला जास्त पटते. त्यांचे वार्ताहर त्या-त्या भागातलेच. ते केलेला व्हिडिओ घेऊन थेट संबंधित अधिकाऱ्याला गाठतात, पाठपुरावा करतात, आणि प्रश्न सुटला की काय बदललं याचा दुसरा व्हिडिओ करतात. तुझं लक्ष व्ह्यूजवर आहे, ते साहजिक आहे. आमच्या काळी आम्ही टाळ्या मोजायचो. पण कारवाई पुरवठा खात्याने करायची असते. तेव्हा तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज दे, अर्जावर चार-पाच कार्डधारकांच्या सह्या घे, पावत्यांच्या झेरॉक्स जोड, पोच घे. साहेबांना व्हिडिओ तिथेच मोबाईलवर दाखव. मुदत मागून घे. ती उलटली, तर नेटवर टाक आणि सोबत पोच दिसू दे.

व्हॉट्सअॅपवर फिरलेली क्लिप दाबून लहान केलेली असते. प्रकरण कोर्टात गेलं तर व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, त्यासाठी मूळ फाईल हवी. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पुसू नकोस. सगळं दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून झालं की फोन कर. अर्जाचा मसुदा वाचून दाखव, शनिवारी दुपारनंतर मी घरीच असतो.

तुझा,
काका