लातुरात घर विकायचंय? आधी हौद, मग पीओपी

प्रश्न : घर विकण्याआधी डागडुजी करताना कोणत्या चुका टाळाव्यात? भाव चांगला यावा म्हणून हॉल आणि किचन नवं करावं का?

हॉलला हात लावू नका. याच हॉलवरून माझं आणि थोरल्या दादाचं बिनसलं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

लातूरला वडिलांनी १९८६ साली बांधलेलं घर. बाराशे फुटांचा प्लॉट, भिंतींवर स्लॅब, कॉलम नाहीत. वडील गेल्यावर २०१६ च्या दिवाळीनंतर विकायचं ठरलं. दादा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, घर आधी दिसायला पाहिजे. मी म्हणत होतो, हौद गळतोय, तो आधी करू, पंचवीस हजारांचं काम आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. टँकरसाठी रात्र रात्र जागलेली माणसं घर बघायला आली तर छताकडं बघतील की हौदाकडं? दादानं ऐकलं नाही. हॉल आणि मधल्या खोलीतली भिंत पाडून गर्डर टाकला, वर पीओपी केलं, किचनला ट्रॉल्या बसवल्या. साडेचार लाख गेले.

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे अहमदपूरकडचे एक गुरुजी. मुलगी दहावीत, पुढचं शिक्षण लातूरला करायचं म्हणून घर हवं होतं. लातुरात घर घेणारे बरेच जण लेकरांच्या शिक्षणापायीच येतात. गुरुजींच्या बाई थेट मागं गेल्या, हौदाचं झाकण स्वतः उचललं आणि मोबाईलचा उजेड आत पाडला. परवाच नळाला भरलेला हौद. पाणी तळाला, ओलीची रेघ मात्र कमरेएवढी वर. त्या काही बोलल्या नाहीत, झाकण परत ठेवलं. गुरुजी हॉलमध्ये उभे होते. म्हणाले, "इथली भिंत पाडलाव कशाला? लेकरानं अभ्यास कुठं करायचा?"

दुसऱ्या खेपेला ते मिस्त्री घेऊन आले. त्यानं गर्डरकडं बघून पहिलं विचारलं, "पाडलेल्या भिंतीवर लोड होता का?" ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी भूकंपाची पहाट बघितलेल्या जिल्ह्यात बिनकॉलमच्या घराची भिंत पाडली की लोक हे विचारणारच. तीन लाख कमी घेऊन सौदा झाला.

तेव्हा पैसा आधी पाण्यावर घाला. बोअरची मोटर, हौद, वरची टाकी. स्लॅब गळत असेल तर वरून वॉटरप्रूफिंग करा, आतून रंग मारून ओल झाकू नका. खोलीचा एकच कोपरा नवा रंगवलेला दिसला की जाणता माणूस तिथंच हात लावून बघतो. वरच्या खोलीला बाहेरून जिना आणि वेगळं संडास-बाथरूम असेल तर ते नीट करा, विद्यार्थी भाड्यानं राहतात, घेणारा तोही हिशोब करतो. कागद मात्र सगळ्यात आधी. वरची खोली बांधकाम परवान्यात नसेल तर समोरच्याचं बँकेचं कर्ज अडतं. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर २०२१ च्या कायदादुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्रकरणांना नियमित व्हायची वाट दिलीय, अटीत बसत असाल तर ते काम उरकून घ्या.

हे सगळं स्वतंत्र घराचं बोलतोय. संभाजीनगरला अपार्टमेंटमध्ये फ्लॅट असेल तर हौद तुमच्या एकट्याच्या हातात नसतो, तिथं किचनला भाव मिळतही असेल. ट्रॉल्या गुरुजींच्या घरी आवडल्या होत्या, हेही सांगायला पाहिजे.

दादा अजून म्हणतो, हॉलमुळंच गिऱ्हाईक टिकलं. गेल्या वर्षी त्या गल्लीत लग्नाला गेलो होतो, गुरुजींनी चहाला आत नेलं. गर्डरखाली त्यांनी परत भिंत बांधून घेतलीय. पलीकडं धाकट्या मुलाचं अभ्यासाचं टेबल आहे.